एकाच लोट्यातलं मीठ

दादा गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. आमच्या भागात निरोप अजून असेच येतात. कोणाकडे पाहुणे येणार, कोणाची म्हैस व्याली, कोण आजारी पडलं, सगळं त्या खाकी कपड्यातल्या माणसाच्या कानावर घातलं की ते घाटंजीपर्यंत बिनचूक पोचतं. मी तिथल्या कन्याशाळेच्या फाटकाशी उभी होते. मधली सुट्टी संपत आली होती आणि मुली पाण्याच्या रांजणापाशी नेहमीसारख्या भांडत होत्या. गाडी थांबली, कंडक्टर खाली उतरला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तेव्हाच मला कळलं. "बाई, गुरुजी गेले," तो म्हणाला, "सकाळी झोपीतच गेले म्हनतेत. चला, गाडी थांबवून ठेवली हाय तुमच्यासाठी." मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, पिशवी घेतली आणि गाडीत बसले. मला रडू येत नव्हतं. राग येत होता... दादाचाच. इतक्या वर्षांचं आमचं भांडण अर्धं टाकून हा माणूस झोपेत कसा निघून गेला, असं वाटत होतं. आता सहा महिने उलटले, तरी राग गेलेला नाही. तो आहे म्हणूनच हे लिहायला बसले आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही, कारण आमचं घर तिथं आहे आणि मला तिथं राहायचं आहे.

मुकुंददादा माझ्याहून बराच मोठा. लढाई सुरू झाली तेव्हा तो लष्करात कारकून म्हणून गेला, आफ्रिकेच्या वाळवंटात सगळ्या तुकडीसकट पकडला गेला आणि तिथून कैदी होऊन इटलीत पोचला. परत आला तेव्हा आई त्याच्या गालाची हाडं चाचपून रडली होती. तो येताना चार इटालियन शब्द आणि एक विचित्र खाणं घेऊन आला. टमाटे तेलात शिजवायचे, त्यात लसूण ठेचून घालायचा आणि हे सगळं उकडलेल्या शेवयांवर ओतायचं. आई म्हणायची, "शेवया गोडाच्या असतेत रे बाबा, काहून नास करून राह्यला?" पुढे मी नवरा वारल्यावर माहेरी परत आले. गावातल्या चार बायका हळहळायला आल्या, त्यांना दादानं चहा पाजून वाटेला लावलं आणि माझ्यापुढे पाटी ठेवली. त्याच्यामुळे मी शिकले, ट्रेनिंग कॉलेजात गेले, पोटापुरती नोकरी मिळवली. त्यानं स्वतः लग्न केलं नाही. गावच्या शाळेत मास्तर झाला आणि मास्तरच राहिला. मी चिडले की त्याला 'इटालियन' म्हणायची आणि तो मनापासून हसायचा.

त्या मुलखातली एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायचा. तिथलं सरकार कोसळलं, पहारेकरी पळाले, छावणीचं दार उघडं राहिलं. जर्मनांच्या हाती लागायच्या आत दादा डोंगरात पळाला. एका खेड्यातल्या म्हाताऱ्या शाळामास्तरानं त्याला हिवाळाभर गोठ्याच्या माळ्यावर लपवलं. हा मास्तर तरुणपणी ते सरकार गादीवर बसवणाऱ्या चळवळीत होता, अगदी पहिल्या वर्षांत, आणि पुढे तिला विटून बाहेर पडला होता. थंडीच्या दिवसांत दोघांना दुसरं काम नव्हतं. मास्तर बोलायचा आणि दादा ऐकायचा. दादा म्हणायचा, "कुसुम, लोकायले वाटते का थे राक्षस होते आन आभाळातून पडले. नाई व. थे आपल्यासारखेच होते, आन येगयेगळ्या घरून आलते." मजुरांच्या संघटनेतून आलेला एक होता, त्यानं संपाची भाषा आणली. लढाईवरून परतलेल्यानं रांग, सदरा आणि शिट्टी आणली. कवी होता, त्याला यंत्रांचं आणि वेगाचं वेड, रक्ताचंही. देशाचा अपमान झाला म्हणून न जेवणारा एक सज्जन होता. संपाला घाबरलेले जमीनदार होते, ते मागून पैसा पुरवत. आणि एका पंडितानं म्हणे शिकवून ठेवलं होतं की माणसं विचार करून हलत नाहीत, एखाद्या मोठ्या गोष्टीवर डोळे मिटून भरवसा ठेवला की हलतात. यांतल्या पुष्कळांना गरिबांचं भलं करायचं होतं. मास्तरालाही तेच करायचं होतं. तो दादाला म्हणाला होता, आमच्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांचा उपयोग आपण करून घेतो आहोत.

हे सगळं माहीत असलेला माणूस सावध असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दादाच्या मनात निराळंच शिजत होतं. त्याचं म्हणणं असं, की त्या लोकांनी गोळा केलेल्या गोष्टी मुळात वाईट नव्हत्या. शिस्त वाईट नाही, एकी वाईट नाही, गाणं वाईट नाही. त्यातलं विष तेवढं वगळायचं आणि उरलेलं गरिबाच्या कामाला लावायचं. विष कोणतं ते आपल्याला ठाऊक आहे, मग भीती कसली? मी म्हटलं, "दादा, तू भाजी निवडून राह्यला का?" तो म्हणाला, "तेच समज. कीड दिसली का पान फेकायचं." त्याच सुमारास आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत त्यानं तरुण पोरांचं मंडळ सुरू केलं. संध्याकाळी कवायत व्हायची, मग दोन गाणी, मग ओट्यावर बसून चर्चा. गाणी भजनाच्या चालीवर बसवलेली असायची, शब्द मात्र शेतकऱ्याच्या हक्काचे. कुणब्यांची पोरं यायची, तेल्यांची यायची, तांड्यावरची यायची आणि महारवाड्यातलीही. सगळ्यांनी एकाच रांगेत उभं राहायचं, हा नियम दादानं पहिल्याच दिवशी घातला आणि त्यावरून दोन घरचे बाप भांडायला आले तेव्हा त्यांना ओट्यावर बसवून घेऊन समजावलं. गुलाब हा त्यातला सगळ्यांत हुशार पोरगा. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, गुरुजींसाठी जीव टाकणारा. दादा मला म्हणायचा, "माया मागं हा चालवीन सारं."

मंडळाची पहिली लढाई कापसाच्या अडत्याशी झाली. तो प्रत्येक गाडीमागे कडता म्हणून वजनातून मनमानी घट कापायचा आणि वर वेडावून दाखवायचा. दादानं ठरवलं की गावानं त्याला कापूस घालायचाच नाही. पण गावातली माणसं एकेकटी फुटतात, हे त्याला माहीत होतं. बांधून ठेवणारं काहीतरी हवं होतं. ते त्याला तांड्यावर सापडलं. बंजारा लोकांत वचन द्यायची जुनी रीत आहे. लोट्यात पाणी घ्यायचं, बोलायचं आणि त्यात चिमूटभर मीठ टाकायचं. वचन मोडलं तर मिठासारखं विरून जायचं. पूर्वी हे लोक बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरत, त्यामुळे मीठ मोडणं त्यांच्यात जीव देण्याहून वाईट. तांड्याचा प्रमुख हिरामण नायक दादाचा स्नेही होता. आपल्या तांड्याची रीत सगळं गाव घेणार म्हटल्यावर त्याची छाती फुगली आणि त्यानं घरचा पितळी लोटा स्वतः घासून आणला. मारुतीच्या पारासमोर सगळं गाव जमलं. बायकांना लोट्यापाशी कोणी बोलावलं नाही, ते एक बरं झालं. आम्ही मागे उभ्या राहून पाहत होतो.

काय बोलायचं ते दादानं आदल्या दिवशी ठरवलं होतं. त्यानं मला म्हणूनही दाखवलं होतं. 'गाव जे ठरवील त्याच्या बाहेर मी जाणार नाही, गेलो तर या मिठासारखा विरून जाईन.' अडत्याचं नाव त्यात नव्हतं. कापसाचंही नव्हतं. आज तो अडत्या आहे, उद्या दुसरा कोणी असेल, दर वेळी नवं वचन कुठं घ्यायचं, म्हणून एकदाच सगळ्याला पुरेल असं त्यानं बांधलं होतं. त्याला त्यात काही खटकलं नाही. तांड्यात ही रीत एकेका गोष्टीपुरती असते. जनावराचा सौदा, सोयरीक, वाटणी... ती गोष्ट मिटली की लोटा उपडा करतात. दादानं रीत घेतली, लोटा उपडा करायचं मात्र घेतलं नाही. पाणी मारुतीच्या देवळात झाकून ठेवलं.

त्या दिवशी दादाच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं, ते अडत्यासाठी नव्हतं. महारवाड्यातले नत्थूजी पुढे आले तेव्हा सगळा पार गप्प झाला. नत्थूजी पन्नाशीचे, उंच, दादाच्या वर्गातल्या दोन पोरांचे आजोबा. त्यांनी दादाकडे पाहिलं. दादानं मान हलवली आणि त्यांचा हात त्याच लोट्यात गेला. गावाच्या पाण्यात तो हात पहिल्यांदा गेला होता. त्या हंगामात अडत्याच्या दारात एक गाडी सुटली नाही. शेवटी तो स्वतः गावात आला, पारासमोर उभा राहिला आणि कडता बंद करतो म्हणाला. पोरांनी गुलालाची पोती फोडली. दादाला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. तो घरी आला तेव्हा दातांपर्यंत गुलाबी झाला होता. पाण्याचा तांब्या हातात घेऊन तो मला म्हणाला, "पाह्यलं कुसुम? जमते. विषाबिगर जमते." मी त्याला इतका सुखी आधी पाहिला नव्हता आणि नंतर तर कधीच पाहिला नाही.

छप्पन सालचा दसरा आला. नागपूरला लाखो लोकांनी बुद्धाचा धर्म घेतला. आमच्या गावातून नत्थूजी आणि त्यांच्या वाड्यातली सगळी घरं तिकडे गेली होती. परत आली ती पांढऱ्या कपड्यांत. घरातले देव त्यांनी पाण्यात शिरवले, दारातली जुन्या देवांची खूण पुसली आणि नत्थूजींनी पारावर येऊन शांतपणे सांगितलं की यापुढे मेलेलं जनावर आम्ही ओढणार नाही आणि डफडंही वाजवणार नाही. गावानं ऐकून घेतलं. ऐकून घेतलं असं मला वाटलं. गावच्या मनात काय मुरत होतं ते पुढच्या पोळ्याला बाहेर आलं. गुलाबच्या घरच्या मानाच्या जोडीतला एक बैल पोळ्याच्या तोंडावर साप चावून मेला. तो गोठ्यापुढे पडला. महारवाड्याला निरोप गेला. नत्थूजींनी हात जोडून नाही म्हटलं. ऊन होतं, वास सुटला, माश्या आल्या. रोज संध्याकाळी एकाच रांगेत उभी राहणारी मंडळाची पोरं वास चुकवून दुसऱ्या गल्लीनं जायला लागली. दादानं त्यांना बोलावलं, म्हणाला, "चला, आपणच ओढू. हात लावल्यानं कोणी मरत नाई." एकही पोरगा जागचा हलला नाही. तेव्हा त्यानं आमची बैलजोडी सोडली, साखळदंड बांधला आणि ते जनावर शिवेबाहेर ओढत नेलं. बैलाकडून बैल ओढवला म्हणून सगळं गाव कानावर हात ठेवून उभं राहिलं. पोळ्याच्या दिवसांत असं करणं म्हणजे अपशकुन झाला. गावाला त्या दोघांचाही राग आला, नत्थूजींचा आणि दादाचा.

दुसऱ्या दिवशी पारावर सभा भरली. मी शाळेला सुट्टी म्हणून घरी होते, शेजारच्या ओसरीतून ऐकत होते. गुलाब उभा राहिला आणि असा बोलला की मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. त्याच्या भाषणात शेतकऱ्याचा घाम होता, देशाची इज्जत होती, शिपायाची शिस्त होती, देवाचं नाव होतं आणि गरीब-श्रीमंत भेद मिटवायची हाकही होती. वाक्यं दादाची होती. थांबे दादाचे होते. बोट तेवढं दुसरीकडे वळलं होतं. "गाव एक हाय," तो म्हणाला, "इथं कुणबी नाई, तेली नाई, बंजारा नाई. जो गावाच्या एकीच्या बाहेर गेला, थो अडत्यापरीस वाईट. अडत्या तं परका होता." लोकांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, पण तो वेगळ्या कारणानं. ठराव झाला की त्या वाड्यातल्या माणसाला गावात मजुरी नाही, दुकानातून सामान नाही, चक्कीवर दळण नाही, गावच्या रस्त्यानं बैलगाडी नाही.

दादा उठला. त्यानं इटलीची गोष्ट सांगायला सुरुवात केली... तीच, मास्तराची, माळ्यावरची. किती वेळा ऐकलेली गोष्ट ती. काहीजण हसले, पण कुचेष्टेनं नाही, घरच्या म्हाताऱ्याच्या बोलण्यावर हसतात तसे. दादा ओरडला, "अरे, हे म्या पाह्यलं हाय! माया डोयानं पाह्यलं हाय!" गुलाब खाली आला, त्याच्या पाया पडला आणि मग सरळ उभं राहून म्हणाला, "गुरुजी, मीठ तुमीच आणलं. गाव ठरवीन थे, हे बी तुमीच म्हनायले लावलं. नत्थूजीनं बी टाकलं होतं. मंग मीठ कोनं मोडलं?" दादानं हिरामण नायकाकडे पाहिलं. नायक जमिनीकडे पाहत होता. "गुरुजी," तो हळूच म्हणाला, "मीठ तं आमीबी टाकलं हाय." त्याचा तांडा त्या दिवशी गावाच्या बाजूनं गेला. नायक दुष्ट नव्हता. मीठ मोडणारा बंजारा म्हणून त्याला मरायचं नव्हतं, एवढंच. दादा तसाच वळला आणि घरी आला. ओसरीच्या पायरीवर बसला. मी पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही.

दोन दिवस गेले. मग सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो भर वस्तीतून महारवाड्यात गेला आणि नत्थूजींच्या अंगणात सगळ्यांसमोर जेवला. पुढे रोज जाऊ लागला. मुलांना तिथंच शिकवायचा, घाटंजीहून मी आणलेलं सामान डोक्यावर घेऊन पोचवायचा. वाड्याबाहेरचा मीठ मोडणारा पहिला माणूस तोच ठरला. त्यानंतर आमच्याही घरचं दळण बंद झालं. न्हावी यायचा थांबला. मी शनिवारी एसटीनं पीठ, रॉकेल, तेल घेऊन यायची आणि त्याच्यावर भडकायची, की मोठी मोठी वचनं बांधताना अक्कल कुठं गेली होती? तो ऐकून घ्यायचा. एरवी मला एका शब्दानं गप्प करणारा माणूस, त्या दिवसांत माझ्यापुढे मान खाली घालून बसायचा. त्यानं भांडावं म्हणून मी जास्तच बोलायची. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

त्यानं सगळं करून पाहिलं. तालुक्याला जाऊन साहेबांना भेटला, ते म्हणाले गुरुजी, गावचं गावात मिटवा. पुढाऱ्यांकडे गेला. एक म्हणाला की पोरं तर तुमचीच आहेत, मोठी चांगली शिस्त आहे त्यांची. दुसऱ्यानं विचारलं की असं मंडळ आमच्या भागात काढता येईल का? हे सांगताना दादा हसला होता, आणि त्या हसण्याची मला भीती वाटली. घराघरांत जाऊन तो एकेका बापाला विनवत होता. कोणी वाईट बोललं नाही. सगळे चहा द्यायला तयार होते, फक्त मीठ मोडायला कोणी तयार नव्हतं. त्या हिवाळ्यात महारवाडा रिकामा होऊ लागला. शेवटी नत्थूजींनीही बैल विकले आणि वणीकडे खाणीवर जायला निघाले. दादा शिवेपर्यंत पोचवायला गेला, मीही गेले. नत्थूजींनी दादाचे दोन्ही हात धरले. "गुरुजी, तुमी आमच्यासंग बसले, जेवले. थे आमी इसरनार नाई," ते म्हणाले. मग हात न सोडता म्हणाले, "पण थो लोटा तुमीच आणला होता. थे बी इसरता येत नाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. गाडी वळेपर्यंत दादा तिथंच उभा होता.

यानंतरची वर्षं मला सलग आठवत नाहीत. मंडळ वाढलं. शेजारच्या गावांत शाखा निघाल्या. पोरांना पांढरा सदरा आणि कमरेला लाल पट्टा आला. गुलाबचा गुलाबराव झाला, पंचायत समितीवर निवडून गेला. भाषणाला तालुक्याची माणसं ट्रकनं यायची. मंडळात आता सगळेच होते. पूर्वी लाल बावट्याखाली फिरलेला एक जण होता, दोन महाराज होते, एक निवृत्त हवालदार होता, कविता करणारा वकील होता. आणि तोच अडत्या होता, आता देणगीदार म्हणून पहिल्या रांगेत खुर्चीवर. प्रत्येक जण आपल्याच कामासाठी आलेला होता. दादा हे ओसरीतून पाहायचा आणि बोटांवर मोजावं तसं पुटपुटायचा, हा संघटनेवाला, हा कवी, हा शिपाई... आपल्याला रोग ओळखता येतो, याचा त्याला काडीचाही उपयोग नव्हता. उलट त्याचे हाल त्यामुळेच झाले. बाकीच्यांना पुढचं दिसत तरी नव्हतं.

त्याला सगळ्यांत जास्त त्रास झाला तो गावानं त्याच्यावरचा बहिष्कार उठवला तेव्हा. कोणी ठराव केला नाही, कोणी माफी मागितली नाही. एक दिवस न्हावी आला आणि काही झालंच नाही अशा थाटात वस्तरा पाजळायला बसला. नंतर पोरं रस्त्यात सलाम करू लागली. मंडळाच्या वर्धापनदिनाला शाल घेऊन गुलाबराव स्वतः दारात आला, आणि दादानं दार लावून घेतलं. तर गुलाबराव बाहेरच्या लोकांना म्हणाला, "गुरुजी असेच हायेत. सोन्यासारखा माणूस." शिव्या दिल्या असत्या तर दादाला टेकायला जागा राहिली असती. त्यानंतर त्याचं घराबाहेर पडणं संपलं. छाती बिघडली. यवतमाळच्या दवाखान्यात दोनदा ठेवावं लागलं.

मागच्या दिवाळीत मी घरी होते. तो ओसरीत बाजेवर पडला होता आणि मागच्या मैदानात शिट्टी वाजत होती. एकाएकी त्यानं विचारलं, "कुसुम, त्या साऱ्यायमधला मी कोण व?" मला कळलं नाही. तो म्हणाला, "म्हंजे असं का, संघटनेवाला कोण, कवी कोण, शिपाई कोण, हे मले समजते. मंग या रोगाचं मी कोणतं मूळ?" मी चिडून म्हटलं, "तू कोणी नाईस. तू बाहेरचा आहेस." तो बाजेवर उठून बसला. मग म्हणाला, "नाई व. ज्याले सारं माहीत होतं, तरी वाटलं का आपल्या हातून चांगलंच होईन... तिथंबी असा एक होता. मले त्यानंच लपवलं होतं." मी उठून आत गेले. मला त्याच्याशी भांडायचं होतं, आणि भांडायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं. ते आमचं शेवटचं बोलणं नव्हतं, पण त्यानंतर आम्ही औषधं आणि भाज्या यांच्यापलीकडे काही बोललो नाही.

त्या दिवशी एसटीतून उतरून मी घरी पोचले, तर अंगणात लाल पट्ट्यांच्या दोन रांगा उभ्या होत्या. तिरडी बांधून तयार होती. मी म्हटलं, याला तुम्ही हात लावायचा नाही. गुलाबरावानं हात जोडले. "बाई, तुमचं दुःख समजते," तो म्हणाला, "पण गुरुजी साऱ्या गावाचे होते." कोणत्या तोंडानं हा बोलतो असं मनात आलं आणि मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ते खरोखर रडून लाल झाले होते. मला सगळ्यांत भयंकर वाटलं ते हेच. नत्थूजींना कोळशाच्या ट्रकवाल्यानं खबर दिली होती. आता खूप म्हातारे झालेले, नातवाचा हात धरून कोपऱ्यावर उभे होते. त्यांनी खांदा द्यायला पुढे पाऊल टाकलं आणि रांग मिटली. कोणी ढकललं नाही, कोणी बोललं नाही, फक्त पोरं जवळ जवळ सरकली. मी ओरडले. आवाज 'अमर रहे'च्या घोषणेत गेला. सगळं आटोपल्यावर नत्थूजी माझ्यापाशी आले. "मले खांदा नाई देऊ देला, थे जाऊ द्या बाई," ते म्हणाले. "पण गुरुजीले त्यायच्या खांद्यावर पाहून मले लय वाईट वाटलं." मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

आता मैदानाच्या कडेला मंडळानं पक्की खोली बांधली आहे आणि तिच्या भिंतीवर दादाचा फोटो लावला आहे. लष्करातला, तरुण, टोपी तिरपी घातलेला. तो त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. संध्याकाळी कवायत संपली की दिवा लावून हजेरी होते. सगळ्यांत आधी त्याचं नाव पुकारतात, 'मुकुंद गुरुजी!', आणि सगळी पोरं एका दमात ओरडतात, 'हजर!' मी सुट्टीत घरी असते तेव्हा स्वयंपाकघरातून ते ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चुलीवरचं तसंच टाकून मागच्या दारात आले. इटलीत त्या लोकांची हीच रीत होती. मेलेल्या माणसाचं नाव पुकारायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या वतीनं हजर म्हणायचं. दादानं हे मला एकदाच, दवाखान्यात असताना सांगितलं होतं आणि पोरांपुढे कधी बोलायचं नाही म्हणून माझा हात दाबला होता. त्यानं सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. गुलाबरावानं तर इटली नकाशावरही धड पाहिलेली नाही. तरी त्यांना ते सुचलं... आपोआप सुचलं. मी वर्षानुवर्षं वर्गात हजेरी घेते. कोण आलं नाही हे कळावं म्हणून हजेरी घ्यायची असते, एवढं मला ठाऊक आहे. तिकडून 'हजर' ऐकू आलं की मी चुलीपाशी बसूनच मोठ्यानं म्हणते, "गैरहजर." मुलांचा आवाज फार मोठा असतो, माझा कोणाला ऐकू जात नाही.